आवाज न करणारी घरघंटी

सांगलीत विश्रामबागेतल्या एका इमारतीत चारुशीला साने दुसऱ्या मजल्यावर राहत होती आणि लालासाहेब मोहिते तिच्या बरोब्बर खाली. दोघांचं वैर घरघंटी येण्याच्या आधीपासूनचं होतं. कारण विचारलं तर दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. ती म्हणाली असती, माणूसच खुनशी. एसटीत कंट्रोलर होता, निवृत्त झाला तरी अजून सगळ्या जगाला रांगेत उभं करतो. तो म्हणाला असता, बाई उद्धट हाय. जिन्यात गाठ पडली की एकानं भिंतीकडं बघायचं, दुसऱ्यानं चपलांकडं, अशी रीत पडून गेली होती.

चारुशीला घरून भाजणी आणि नाचणीचं पीठ करून विकायची. माल चांगला होता, गिऱ्हाईक वाढत होतं, पण गिरणीवाला दुसऱ्याच्या मिरच्यांवर तिचं धान्य टाकायचा आणि पिठाला ठसका यायचा. सत्त्याण्णव साली दिवाळीआधी एका प्रदर्शनात तिला घरघंटीचं माहितीपत्रक मिळालं. गुळगुळीत कागद, पाळण्यात झोपलेलं बाळ, शेजारी हसरी आई आणि खाली ठळक अक्षरांत छापलेलं: ‘आवाज मुळीच नाही. बाळ झोपलेले असतानाही दळा.’ तिचा नवरा हरी म्हणाला, आधी एकदा चालू करून दाखवायला सांग. विक्रेता राजस पाटणकर म्हणाला, प्रदर्शनात जोडणी नाही, पण कंपनीनं छापलंय म्हणजे झालं. तिनं घरघंटी घेतली.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा मांडणीवरची भांडी थरथरली. दहावीचा अभ्यास करत बसलेली स्वानंदी कानांवर हात ठेवून बाहेर आली. दगडांची घरघर फरशीतून पायांत चढत होती. चारुशीलेनं खाली सतरंजी घातली, मग रबराचं पायपुसणं, मग दोन्ही. काही फरक पडला नाही. आणि तेवढ्यात खालून काठीनं छत ठोकल्याचा आवाज आला.

त्या ठोकण्यानं सगळं बिघडलं. मोहिते दारात येऊन चार शब्द बोलला असता तर तिनं कदाचित मान्यही केलं असतं. पण काठी ऐकली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती रोज दळत राहिली, तो रोज ठोकत राहिला. त्याची बायको बनुबाई अर्धशिशीनं बेजार असायची, हे चारुशीलेला ठाऊक होतं. तरी ती दळत राहिली.

प्रकरण सोसायटीच्या बैठकीत गेलं. मोहित्यानं सगळ्यांसमोर तक्रार मांडली. चारुशीला उठली आणि शांतपणे म्हणाली, की यंत्राला आवाजच नाही, कंपनीनं तसं छापून दिलंय; मोहित्यांनी मिरजेच्या दवाखान्यात जाऊन कान तपासून घ्यावेत. लोक हसले. मोहिते हसला नाही. तो खाली बसला आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला घरी घेऊन आला. सेक्रेटरीनं त्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून वरची घरघर ऐकली, आणि इमारतीत घरघंटी चालवायची नाही असा ठराव झाला.

यंत्र कोपऱ्यात चादर पांघरून पडलं. चारुशीला माहितीपत्रक घेऊन गणपती पेठेत पाटणकरच्या दुकानात गेली. त्यानं तिला बसासुद्धा म्हटलं नाही.

“घरघंटी आहे बाई, तंबोरा नाही,” तो म्हणाला. “दगड फिरणार तर आवाज होणारच.”

“मग मुळीच नाही असं का छापलं?”

“जाहिरातीची भाषा असते. जाहिरातीतला साबण वापरून तुम्ही गोऱ्या होता का?”

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून हसली. चारुशीलेचा चेहरा तापला. यंत्र परत घ्या, असं ती पुन्हा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, विकलेला माल परत घेत नाही, जा कुठं जायचं तिथं.

ती ग्राहक मंचात गेली. वकील लागत नाही, साध्या मराठीत तक्रार लिहून द्यायची, एवढं तिला बँकेतल्या एका बाईनं सांगितलं होतं. कंपनीचं उत्तर आलं तेव्हा मात्र ती वाचता वाचता खुर्चीवर टेकली. कंपनीनं म्हटलं होतं, की तक्रारदार बाईंनी स्वतः सोसायटीच्या बैठकीत यंत्राला आवाज नाही असं सर्वांसमोर सांगितलं आहे. आता त्यांना ते नकोसं झालं म्हणून हा बनाव. बैठकीतली ही गोष्ट पाटणकरनं कुणाकडून तरी काढून घेतली होती.

हरी म्हणाला, “सेक्रेटरी मंचाच्या भानगडीत पडायला तयार नाही. आता एकच साक्षीदार आहे, खालचा.”

“त्याच्या दारात मी जाणार नाही.”

“मग यंत्रावर फुलदाणी ठेव.”

दोन दिवस ती धुमसत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी खाली गेली. मोहित्यानं दार अर्धंच उघडलं. तिनं उभ्या उभ्या सांगितलं: मंचात येऊन आवाज किती होता ते सांगायचं आहे.

मोहित्यानं काठी दाराला टेकवली.

“म्हंजे आवाज हुता,” तो म्हणाला.

“होता.”

“सगळ्यांच्या म्होरं मला भैरा ठरिवलंसा. माजी बायको डोक्याला फडकं बांधून न्हाणीत बसायची, तितं जरा कमी ऐकू यायचं म्हणून. तवा न्हाई कळलं तुमाला. आता सोताचं अडलं तवा कळलं.”

चारुशीलेला मागं फिरावं असं वाटलं, पण ती चौकट धरून उभी राहिली.

“यीन मी,” तो म्हणाला. “पर आदी तुमी बोलायचं. बैठकीत खोटं बोलले आनि लालासाहेब खरं बोलत हुता, आसं साहेबाच्या म्होरं सांगायचं. मग मी बोलीन. न्हाई सांगितलं तर तसाच घरला यीन.”

दार धाडकन लागलं. जिना चढताना तिला इतका राग आला होता, की हरीनं काय झालं विचारल्यावर तिनं त्यालाच झापलं.

मंचातल्या तारखेच्या आधल्या आठवड्यात तिनं गॅलरीतून पाटणकरला इमारतीत शिरताना पाहिलं. हातात पेढ्यांचा पुडा होता. तो मोहित्यांच्या घरी गेला आणि चांगला अर्धा तास बसला. चहाच्या कपबशांचा आवाज वर ऐकू आला, मोहित्याचं गडगडाटी हसूही. चारुशीलेनं मनाशी हिशेब संपवला. इतकी वर्षं ज्याच्याशी वैर केलं, तो ही संधी कशाला सोडेल? तरी तिनं तक्रार मागं घेतली नाही. हरायचं तर मोहित्याच्या तोंडावर हरू, असं तिनं ठरवलं.

मंचात अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंना एकेक सदस्य बसले होते, त्यातल्या एक बाई होत्या. कंपनीच्या वकिलानं पहिलाच प्रश्न बैठकीचा काढला. आवाज नाही असं तुम्ही म्हणाला होता की नाही?

मागच्या बाकावर मोहिते काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

“म्हणाले होते,” चारुशीला म्हणाली. “खोटं बोलले. आमचं भांडण होतं, त्यांना जिंकू द्यायचं नव्हतं. लालासाहेब मोहिते त्या दिवशी खरं बोलत होते.”

हे शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला कडू औषध प्याल्यासारखं झालं. मोहित्याच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

त्याला पुढं बोलावलं. त्यानं सांगितलं, छत कसं हादरायचं, बायको कुठं जाऊन बसायची, सेक्रेटरीला बोलावून कसं ऐकवलं. वकील हसून म्हणाला, शेजारधर्म म्हणून तुम्ही बाईंना मदत करताय.

“ह्या बाईला?” मोहिते म्हणाला. “ही पान्यात पडली तर मी दोर शोधायला वाईपतूर जाईन. हिच्यासाठी म्या खोटं कशाला बोलू? आनि ह्यो तुमचा पाटणकर पेढं घिऊन आलता घरला, आवाज न्हवता आसं सांगा म्हणून. पेढं खाल्लं आमी. चांगलं हुतं.”

सदस्य बाईंनी पदरानं तोंड झाकलं. पाटणकर फरशीकडं बघत राहिला. वकिलानं जाहिरातीच्या भाषेचं बोलून पाहिलं, तेव्हा अध्यक्षांनी माहितीपत्रक उचलून वाचलं आणि विचारलं, ‘मुळीच’ या शब्दाचा कंपनीच्या भाषेत दुसरा काही अर्थ होतो का? वकिलानं आपले कागद आवरले.

निकाल महिन्याभरात लागला. कंपनीनं यंत्र परत न्यायचं, किंमत आणि खर्च द्यायचा, ते वाक्य माहितीपत्रकातून काढायचं.

घरघंटी न्यायला दोन हमाल आले, बरोबर पाटणकर. जिन्यात वळणावर यंत्र अडकलं. मोहिते दार उघडून बाहेर आला आणि त्यानं हमालांना असं धारेवर धरलं की जणू त्याचीच गाडी डेपोतून सुटत होती. आडवं करा, उचला, भिंतीला वरखडा उठला तर रंग तुमच्याकडनं लावून घीन. चारुशीला वरच्या पायरीवर उभी होती. आभाराचं एक वाक्य तिनं सकाळपासून जुळवून ठेवलं होतं. ती दोन पायऱ्या उतरली.

मोहित्यानं वर पाहिलं. “काय हाय?”

“काही नाही,” ती म्हणाली.

“मग वाट सोडा. मान्सं कामं करत्यात.”

ती भिंतीला टेकून उभी राहिली. आतून बनुबाईनं हाक मारली, चहा निवतोय म्हणून. मोहिते आत गेला आणि त्यानं दार ओढून घेतलं, या वेळी आपटलं मात्र नाही.