हातवारे

डस्टरची कड तळहातात रुतत होती — लाकडाची ढलपी निघालेली, रोज तीच जागा — तरी तिनं पकड सैल केली नाही. उजव्या हातात खडू, डाव्यात डस्टर. मागच्या बाकाशेजारी खुर्ची टाकून मुख्याध्यापिका पाठनिरीक्षणाला बसल्या होत्या आणि सहावीचा वर्ग नको इतका शहाण्यासारखा बसला होता.

दोन वर्षांपूर्वी याच खुर्चीवरून उठून त्या म्हणाल्या होत्या, अगदी प्रेमानं, "छान शिकवता हो, फक्त हातवारे जरा आवरा. मुलं हातांकडेच बघत बसतात." एवढंच. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं... तेव्हापासून तोंड उघडलं की आधी हातांची आठवण व्हायची आणि पुढचं वाक्य हरवायचं. म्हणून हे दोन्ही हात गुंतवून ठेवणं. आई थट्टेनं म्हणायची, हिचे हात बांधले तर ही मुकी होईल. नवरा विचारायचा, फोनवर हातवारे करतेस, पलीकडच्याला दिसतात का गं? हल्ली विचारत नाही.

"तीन भागिले अर्धा," ती म्हणाली. "अर्धा उलटा करायचा, गुणायचं. उत्तर सहा."

खिडकीजवळच्या दोन वेण्यांच्या मुलीनं हात वर केला. "बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना? वाढलं कसं?"

दरवर्षी कोणीतरी हे विचारायचंच. मग ती तीन खडू घ्यायची, कटाकट मोडायची, तुकडे सगळ्यांना दिसतील असे उंच धरायची — मोजा रे, अर्धे किती झाले — आणि मागच्या बाकावरचं ढ पोरसुद्धा कळल्याचं हसायचं... खडू हातात होता. मोडायला दुसरा हात हवा होता आणि त्या हातात डस्टर होतं. मागे मुख्याध्यापिकांचं पेन थांबलं.

"नियम आहे तसा. लिहून घ्या."

मुलीनं लिहून घेतलं.

तास संपल्यावर मुख्याध्यापिका दाराशी थांबल्या. "किती फरक पडला तुमच्यात. शांत, नेटकं. आता तुमच्या वर्गावर बसायची मला गरजच नाही."

"थँक्यू, मॅडम."

जीव भांड्यात पडायला हवा होता. तिनं वाट पाहिली. काहीच पडलं नाही.

पुढचा तासही याच वर्गावर होता. ती मागे गेली, डस्टर रिकाम्या खुर्चीवर ठेवलं, पेटीतून तीन खडू काढले. "मघाशी काय विचारत होतीस गं तू?"

"काही नाही, बाई," दोन वेण्यांची म्हणाली. "कळलं. नियम आहे."

हात मोकळे होते आणि अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. खडू मोडताना ती सुरुवात कशी करायची, कुठला शब्द आधी यायचा... आठवेना. आणि आठवत नाही याचं वाईट वाटतंय का, हे तिला जिभेनं दात चाचपावा तसं चाचपून बघावं लागलं. वाटत होतं. थोडंसं, फार आत, पण वाटत होतं.