नळीतला उजेड

“आधी उजेड बघायचा. मग हात लावायचा. रुबाब वगैरे सगळं त्याच्या नंतर.”

मामंजींना जाऊन दोन महिने झाले होते, पण त्यांचं हे वाक्य थोरलीच्या कानात अजून तसंच्या तसं होतं. शेवटची चार वर्षं सासऱ्यांना नीट दिसत नव्हतं, तेव्हा दर रविवारी त्यांची दुनळी बंदूक थोरल्या सुनेनंच साफ केली होती. ती बंदूक उघडून दोन्ही नळ्या खिडकीकडे धरायची. मामंजी खुर्चीतून विचारायचे, “दिसला?”

“दिसला.”

“गोल?”

“गोल, मामंजी.”

“दोन्हीकडे?”

“दोन्हीकडे.”

“मग आता तेल. एक थेंब. दिव्यात घालत नाहीयेस.”

हे सगळं झालं की बंदूक कपाटात उभी राहायची, नळ्या खाली आणि दस्ता वर. उलटी ठेवली तर तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड कुजतं. पाहुण्यांना वाटायचं, म्हाताऱ्यानं बंदूक चुकून डोक्यावर उभी केलीय.

घरामागं द्राक्षाचा मळा होता आणि द्राक्षं पिकायला लागली की पाखरांचे थवे ढगासारखे उतरायचे. मामंजी एक बार आभाळात काढायचे आणि अख्खा ढग पलीकडच्या टेकडीवर जाऊन बसायचा. “आयुष्यात जेवढी पाखरं मारली त्याच्या हजारपट उडवली,” असं ते म्हणायचे. रानडुकरं याच आवाजानं पळायची. शाळेच्या शर्यतीसुद्धा याच आवाजावर सुटायच्या. एकदा तर शेजारणीच्या छपरावर झुकलेली, शिडी न पोचणारी वाळकी फांदी त्यांनी छऱ्यांनी अलगद खाली आणली होती. “रायफलची गोळी निघाली की पुढच्या गावापर्यंत कुणाचं काय करील सांगता येत नाही,” ते म्हणायचे. “छरे बिचारे पसरतात, दमतात आणि पडतात. त्यांना आपली पायरी कळते.”

पायरी कळत नव्हती ती घरच्या पुरुषांना.

थोरली आठ दिवस आईकडे राहून काल दिवेलागणीला परतली होती. पहाटे उठून, अंघोळ करून तिनं देवापुढं दिवा लावला आणि मौन धरलं. हा तिचा रोजचा नेम होता. दिव्यातलं तेल संपेपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, एक शब्द बोलायचा नाही. अकरा वर्षं नेम चुकला नव्हता. फुलपात्र घ्यायला ती बैठकीच्या खोलीत आली आणि दारातच थबकली.

बंदूक भिंतीवर होती. कपाटातून काढून, दोन खिळे ठोकून, खिडकीशेजारी उभी टांगलेली. दस्ता खाली, नळ्या वर, फुलदाणीसारखी.

थोरलीनं डोळे मिटले, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि मग डोळे उघडून नवऱ्याकडं बघितलं. तो शाळेत गणित शिकवायचा. वर्तमानपत्राआडून तो म्हणाला, “बघितलीस? जावईबापूंची कल्पना. म्हणाले, इतकी देखणी वस्तू कपाटात कशाला? तू नव्हतीस ना, नाहीतर विचारलं असतं.”

तिनं बोटानं वर आणि खाली दाखवलं, म्हणजे उलटी करा.

“हो हो, दोन्ही खिळे पक्के आहेत.”

तिच्या मौनाचा या घरातल्या पुरुषांना फार आधार होता. जे एरवी तिच्यासमोर बोलवत नसे ते सगळं या तासाभरात उरकून घ्यायचं, असा एक अलिखित शिरस्ता पडला होता.

“आणि हे बघ,” तो पुढं म्हणाला, “धाकटा येतोय, जावईबापूही येताहेत. आज पाचच्या आत तो अर्ज द्यायचाय. नाव काय ते ठरवून टाकू. मी थोरला आहे, एवढं लक्षात असू दे म्हणजे झालं.”

अर्जाचं सगळ्यांना ठाऊक होतं. मामंजींनी जाण्यापूर्वी परवान्याच्या कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या. पुढं बंदूक कुणाच्या नावावर राहील ती जागा मात्र कोरी होती आणि तो कागद त्यांनी थोरलीच्या हाती दिला होता. आज कागद गेला नाही तर बंदूक सरकारी कोठारात जमा होऊन गंजणार होती.

पण कागद देताना त्यांनी तिच्याकडून काय कबूल करून घेतलं होतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

“जो न सांगता आधी नळीतून उजेड बघेल, त्याचंच नाव लिही,” ते म्हणाले होते. “पोटचा असो, जावई असो. दुसऱ्या कुणाचं लिहायचं नाही. शब्द दे.”

तिनं शब्द दिला आणि विचारलं, “आणि कुणीच नाही बघितला तर?”

ते थोडं हसले. मग डावा हात पुढं करून म्हणाले, “हे माहितेय ना तुला?” त्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. घरात सगळ्यांना वाटायचं, गिरणीच्या पट्ट्यात गेली. खरी गोष्ट त्यांनी सुनेला एकटीलाच सांगितली होती. तरुणपणी पाय घसरून बंदुकीचं तोंड ओल्या मातीत टेकलं आणि त्यांनी न बघता बार काढला. माती नळीत अडकली होती. नळी केळ्याच्या सालीसारखी उलगडली. “पोरांना सांगू नकोस. बापाचा मूर्खपणा ऐकून कुणी शहाणं होत नाही. हसतात फक्त.”

दोन महिने ती वाट बघत होती. सगळ्यांनी बंदूक हातात घेतली होती. तिच्यात होतंच तसं काहीतरी. पोलादावर कोरलेली लाव्ह्याची दोन पाखरं, हाताच्या घामानं काळसर झालेलं अक्रोडाचं लाकूड, आणि बंद करताना येणारा तो आवाज, चांगल्या सुतारानं केलेल्या कपाटाचं दार लागावं तसा. थोरलीला स्वतःलाही तो आवाज आवडायचा. देवाजवळ तिनं तशी कबुलीही दिली होती. पण तिला बंदूक आवडायची ती आतून-बाहेरून. या मंडळींना हवी होती फक्त खांद्याला लावून आरशात बघायला. गणिताच्या मास्तरांनी हातात घेतली की त्यांचा आवाज दोन पट्ट्या खाली जायचा. धाकट्या दिराचं स्नानघराच्या फरशांचं दुकान होतं. बंदूक हातात आली की तो एक डोळा मिटून दिव्याच्या हंडीवर नेम धरायचा आणि तोंडानं “ठो” म्हणायचा, बेचाळीस वर्षांचा बाप्या! नणंदेचा नवरा छायाचित्रकार. त्यानं तर बंदुकीसोबत स्वतःचेच तेवीस फोटो काढले होते. उजेड त्याला चांगला कळायचा, पण तो चेहऱ्यावरचा.

धाकटा आणि जावईबापू एकदमच आले. चहा मास्तरांनीच केला, कारण बायको देवापुढं बसली होती. तिची पाठ त्यांच्याकडं होती, कान मात्र होते तिथंच होते.

“सरळ हिशोब आहे,” धाकटा म्हणाला. “दादा, तू उभ्या आयुष्यात एक बार काढलेला नाहीस.”

“आणि तू रे? तोंडानं काढलेले मोजायचे नसतात.”

“मळा कोण बघतो? मी.”

“तू मळा बघतोस? तू मळ्याकडं बघतोस, गाडीतून.”

जावईबापू हसले. “अहो, भांडता कशाला? माझ्याकडं द्या. दुकानात मागे लावतो. गिऱ्हाईक बघतच राहील.”

“तुम्ही गप्प बसा हो. आधीच भिंतीला दोन भोकं पाडायला लावलीत.”

शेवटी तोड धाकट्यानंच काढली. मळ्यात पाखरं उतरलीच होती. एकेक बार काढायचा. ज्याच्या बारानं सगळा थवा उठेल, बंदूक त्याची. त्यानं खिशातून तीन काडतुसं काढून टेबलावर उभी केली. घरातली काडतुसं थोरलीच्या कपाटात कुलुपात असायची. ही त्यानं मामंजींच्या जुन्या मित्राकडून मागून आणली होती.

थोरलीनं वळून बघितलं. दिव्यात अजून अर्धा बोट तेल होतं.

ती उठली आणि धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली. बंदुकीकडं बोट दाखवलं, मग दोन बोटांचा गोल करून डोळ्याला लावला.

“मस्त दिसते ना, वहिनी? मी म्हटलं नव्हतं?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा गोल केला आणि त्यातून खिडकीकडं बघितलं.

“वहिनींना फोटो काढायचाय,” जावईबापू म्हणाले. “काढू की. बार काढतानाच काढतो.”

थोरलीनं कपाळावर हात मारला. नवऱ्याकडं बघितलं. सत्तावीस वर्षांचा संसार होता. या माणसाला तिची भुवई हलली तरी भाजीत मीठ कमी असल्याचं कळायचं.

“तिला आवाजाचा त्रास होतो,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “आपण जरा लांब जाऊन उडवू.”

आणि तिघं निघालेसुद्धा. मागल्या दारापाशी धाकट्यानं बंदूक उघडली, दोन काडतुसं सारली आणि टक्‌कन बंद केली. उघडली होती, हातात होती, समोर लख्ख सकाळ होती. नुसती वर धरायची होती. धरली नाही. त्यानं दस्ता खांद्याला लावला, छाती फुगवली आणि जावईबापूंनी कॅमेरा रोखला.

“थांबा, भाऊजी!”

आवाज इतका मोठा होता की मळ्यातला सगळा थवाच उठला.

तिघं पुतळ्यासारखे झाले. थोरली पुढं झाली, दिराच्या हातातून बंदूक काढून घेतली, उघडली, काडतुसं ओच्यात टाकली आणि नळ्या आभाळाकडं धरल्या. उजवीकडं स्वच्छ, गोल, निळा उजेड होता. डावीकडं काळोख होता.

“बघा,” तिनं बंदूक धाकट्यापुढं धरली.

त्यानं बघितलं आणि त्याचा रंग उतरला. नळीच्या तोंडापासून बोटभर आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं होतं. आठ दिवस उघड्या खिडकीशेजारी तोंड वर करून टांगलेली नळी. माशीला आणखी काय हवं होतं?

“नळी फुटली असती,” थोरली म्हणाली. “तुमचा डावा हात गेला असता. जावईबापूंचा डोळा गेला असता.”

तिला वाटलं, आता तरी.

“अगं, पण तुझं मौन मोडलं!” मास्तर कळवळून म्हणाले. “अकरा वर्षांचा नेम!”

“खिडकी उघडी कुणी ठेवली?” धाकट्यानं विचारलं.

“खिडकीचा काय संबंध? टांगायला कुणी सांगितलं ते विचार,” मास्तर म्हणाले.

“मी फक्त कल्पना दिली. खिळे दादांनी ठोकले.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून ठोकले!”

“जाऊ दे ना,” धाकटा म्हणाला, “काडी घालू, खरवडू, उडवू. उजवी तर स्वच्छच आहे की. वहिनी, द्या इकडं.”

थोरलीनं त्याच्या पुढं आलेल्या हाताकडं बघितलं. पाचही बोटं शाबूत होती. आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला हसू आलं, रडू येण्याच्या अगदी काठावरचं. यांना कुणी समजावायचं? मामंजींनी तर सांगूनच ठेवलं होतं, हसतील म्हणून.

ती बंदूक घेऊन आत आली. दिवा तोवर विझला होता. तिनं देवाला हात जोडले. “चुकलं असेल तर पदरात घे,” ती पुटपुटली, “पण तूच सांग, दुसरं काय केलं असतं?”

मग तिनं साफसफाईचा गज घेतला, पुढं मऊ फडकं गुंडाळलं आणि मागल्या बाजूनं हळूहळू, केसभर केसभर मातीचं घर पुढं सरकवायला सुरुवात केली. आत माशीची अळी असणार. कुणाचंही घर मोडायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. मागच्या अंगणातून भांडण ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा तिच्या तळहातावर आला. तिनं तो तुळईच्या आडोशाला, पावसापाण्यापासून दूर ठेवला.

“अगं, अळ्या काय वाचवत बसलीस?” मास्तर दारातून म्हणाले. “नावाचं ठरत नाहीये. धाकटा ऐकत नाही. तूच काहीतरी लिहून टाक.”

“लिहू?”

“लिही बाई, कुणाचंही लिही. डोकं उठलंय,” आणि ते पुन्हा अंगणात गेले, कारण जावईबापूंनी खिळ्यांचा विषय परत काढला होता.

थोरलीनं पुन्हा एकदा नळ्या खिडकीकडं धरल्या.

दिसला. गोल. दोन्हीकडे.

तेव्हा तिनं मामंजींना विचारलं होतं, कुणीच नाही बघितला तर? बोटं दाखवून झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं होतं, “तर मग बघणारं एकच माणूस उरतं घरात.” ती केवढी दचकली होती! “मामंजी, मी वाटेतली मुंगीसुद्धा चुकवून चालते.” ते म्हणाले होते, “म्हणूनच.”

देवघरातली पेन्सिल नको, खाडाखोड होईल म्हणून तिनं मास्तरांचं शाईचं पेन घेतलं. कोऱ्या जागेत स्वच्छ अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा असे भाग सुटे करून तिनं बंदूक कॅनव्हासच्या पिशवीत भरली, काडतुसं कपाटात कुलूपबंद केली आणि चपला पायांत सरकवल्या.

अंगणात आता, पाखरं आपोआपच उठली तर बार कुणाच्या नावावर धरायचा, यावर वाद चालू होता.

थोरलीनं पुढचं दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं, पिशवी खांद्याला लावली आणि कचेरीचा रस्ता धरला.