पाय ओले, तर वाटा

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी आढ्याला टांगलेला झेला खाली काढला. झेला म्हणजे बांबूच्या वाकवलेल्या कांबीला शिवलेलं जाळं, बायकांनी दोन्ही हातांनी पाण्यात धरायचं. चुलीचा धूर खाऊन खाऊन काळाकुट्ट झाला होता, पण एक दोरा सुटला नव्हता. सून पुष्पलता दारातूनच म्हणाली, “आई, हे कशाला काढलंत? सगळी काजळी घरात पडली.”

“काजळी झाडता येते. तुला जमत नसेल तर मी झाडीन.”

ती केरसुणी घेऊन आली. शाळेत मास्तरीण आहे, वर्गभर पोरांना गप्प करते, पण माझ्यापुढे तिचं चालत नाही. तसं तिचं चुकत होतं असंही नाही. साठी उलटलेली सासू, गुडघे धरून उठते आणि नदीवर मासे धरायला जायच्या गोष्टी करते, एवढंच तिला दिसत होतं. नवशी तिला दिसत नव्हती. म्हणजे पाड्याच्या टोकाला राहणारी, दिवाळी झाली की लेकासुनेबरोबर मुकादमाच्या ट्रकात बसून खाडीवर रेतीच्या कामाला जाणारी एक म्हातारी तिला ठाऊक होती. माझी नवशी तिला ठाऊक नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर ट्रकात चढल्यावर नवशी फळीवरून वाकून मला म्हणाली होती, “गोजे, औंदा वैशाखात डोहावर जायचंच. झेला धुरात ठेव. उंदराला देऊ नको.”

मी, नवशी आणि गोदा, आम्ही तिघी एकाच सालात या पाड्यावर सुना म्हणून आलो. तिघींच्या सासवा एकीपेक्षा एक. हंडा आणून ठेवला की आत बोट घालून बघायच्या, काठोकाठ आहे ना. वर्षातून एक दिवस त्या आम्हाला मोकळं सोडायच्या, तोही मायेनं नाही, मासळीच्या आशेनं. वैशाखात वाघ नदी तुटते. वाहणं थांबतं आणि खडकांच्या मधे डोह उरतात. खिंड ओलांडून, जंगलातून उतरून आम्ही त्यातल्या एका डोहावर जायचो. वरून उंबर झुकलेला, तळाला बारीक रेती. तिथं आमच्यावर ओरडणारं कुणी नसायचं. गोदा तर नुसती ओरडून घ्यायची, वर्षभराचं.

दोघींनी खालच्या अंगाला झेले लावून बसायचं आणि तिसरीनं वरून दगड हलवत, पाय आपटत यायचं, अशी आमची रीत. वरून यायची ती नवशी. तिचे पाय पडले की मुरे म्हणजे बारीक मासे, झिंगे, चिंबोऱ्या घाबरून थेट आमच्या झेल्यात. फटीतली सापासारखी लांब वामसुद्धा बाहेर यायची. परत येताना खिंडीत थांबून ती दरवर्षी म्हणायची, “पुढल्या साली वाम याहून मोठी असंल.”

माझ्या सासूचा एक नियम मात्र मला पटला होता आणि तो मी कधी मोडू दिला नाही. पाय ओले, तर वाटा. ज्याचे पाय नदीत भिजले त्याच्या नावानं पळसाचं पान मांडायचं, सगळ्यांना सारखं. काठावर बसणाऱ्याला काही नाही, मग तो गावचा पाटील का असेना. एकदा गोदाचा नवरा मागोमाग आला, दिवसभर झाडाखाली बिड्या ओढत, बोटानं मासे दाखवत बसला आणि वाटणीच्या वेळी पान घेऊन पुढं आला. मी त्याच्या पानावर गोटा ठेवला. म्हटलं, भाजून खा. नवशी पोटुशी होती त्या साली तिनं दोन पानं मांडली. म्हणाली, “माझ्यासंगती याचे पण पाय भिजले.” पोटातल्याचे पाय! मला हसू आवरेना. घातले दोन वाटे. तो तिचा सोम्या.

मग पोरं मोठी झाली. गोदाचा लेक जव्हारला कारकून झाला, ती त्याच्या क्वार्टरात राहायला गेली. गॅसवर भाकऱ्या भाजते आणि वातड होतात म्हणून रडते. माझा हरेश मास्तर झाला. नवशीच्या डोंगरउतारावरच्या वरकस तुकड्यावर नाचणी होते ती होळीपर्यंतसुद्धा पुरत नाही, म्हणून ती ट्रकात. कधी लग्न आडवं आलं, कधी बाळंतपण, कधी मयत. डोहावर जायचं राहिलं ते राहिलंच. दर साली झेला दुरुस्त करायचा आणि परत आढ्याला टांगायचा.

शिमग्याला खाडीवरची माणसं घरी येतात. ट्रक आला. सोम्या उतरला, त्याची बायको उतरली, नवशी नाही.

“आय कुठं रं?”

“येल नंतर, काकी. काम हाय.” माझ्याकडं न बघता बोचकं उचलून चालू लागला.

“तुझी आय शिमगा सोडते? होळीपुढं नाचायला मिळावं म्हणून तापात उठून आलेली बाई हाय ती!”

तो वळला नाही. होळी पेटली, ढोल वाजला, मी बसल्या जागेवरून बघत राहिले.

चैत्रात गोदा जव्हारहून जीपनं आली. अंगणात बसून आम्ही ठरवायला घेतलं. निघायचं पहाटे, म्हणजे खिंड उन्हाच्या आधी पार होईल. भाकऱ्या मी घेणार. मीठ-मिरची गोदा.

“तेल आणू का?” गोदानं विचारलं.

“पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात मासा भाजायला तेल? जव्हारच्या गॅसनं तुझी अक्कल पण भाजली काय?”

“बरं बाई, नाही आणत. आणि नवशी नाही आली तर?”

“येईल.”

“मी म्हणते, नाही आली तर पुष्पाला घेऊ. वरून दगड हलवत यायचं, त्यात काय मोठं?”

“दगड म्हैस पण हलवते. म्हैस घेऊ?”

गोदा हसली, पण तिच्या ध्यानात आलं. नवशीशिवाय मी जाणार नव्हते. पुढल्या साली आम्हा तिघींत कुणाचे गुडघे चालतील आणि कुणाचे नाही, कोण सांगणार? मला तिघी पाहिजे होत्या, त्याच डोहावर, एकदा तरी.

त्यानंतर दुपारी जीपचा आवाज आला की मी अंगणात काहीतरी काम काढायची. वाळलेली लाकडं परत वाळत घालायची. कुणी खाडीकडून आलं की सहज विचारल्यासारखं विचारायची, आणि उत्तर यायच्या आधी तोंड फिरवायची, म्हणजे त्याला वाटू नये की म्हातारी वाट बघते. दुपारी जरा डोळा लागला की पायाखाली रेती सरकायची, उंबराचा आंबूस वास यायचा, आणि वरून नवशीचे पाय, थप थप, थप थप. जाग आली की पत्रा तापलेला आणि पुष्पलता वह्या तपासत बसलेली. एकदा ती म्हणाली, “आई, झोपेत पाय हलवत होतात.” मी म्हटलं, “माशा बसतात.”

वैशाख सरत आला तेव्हा शेवटचा ट्रक आला. नवशी उतरली, हे मला शेजारणीनं सांगितलं. मी भाकऱ्यांचं पीठ बघून ठेवलं आणि तिची वाट बघत बसले. ती आली नाही. म्हटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, मी कशाला जाऊ, तिला पाय नाहीत? तिसऱ्या दिवशी मीच उठले आणि गेले. भांडायलाच गेले.

ती ओट्यावर बसली होती. एवढ्या उकाड्यात पायांवर गोधडी.

“आलीस? मला वाटलं पालखी पाठवावी लागंल,” ती म्हणाली.

“पालखी तुला. शिमगा सोडलास, आता डोह पण सोडतेस काय? पाणी गढूळ झाल्यावर जायचंय का?”

“तू नि गोदा जा.”

“का म्हणून?”

तिनं गोधडी बाजूला केली. मी बघितलं आणि बसले. टाचा फुटून उभ्या चिरा गेलेल्या, बोटांच्या बेचक्यात लाल मांस, नखं काळी पडून उचललेली. पाय पांढरेफटक, भिजलेल्या पोह्यासारखे.

“बाप्ये डुबी मारून खाडीतली रेती काढतात,” ती म्हणाली. “आम्ही बाया होडीतून टोपल्या उतरवतो. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं. रातभर वाळलेलं सकाळी परत भिजायचं. शिमग्याला तर मला उभं राहवत नव्हतं. सोम्याला म्हटलं, कुणाला सांगू नको.”

“मला पण नाही?”

“तुलाच नाही.”

मी म्हटलं, “मोहाच्या मोहटीचं तेल लाव.”

“लावते. भरून येतंय आता.”

“मग झालं तर. नदीचं पाणी गोडं हाय, नवशे. त्यानं काय होत नाय.”

ती अंगणातल्या हंड्याकडं बघत राहिली. “प्यायला घेते तेवढंच. बाकी पाणी बघितलं की अंगावर काटा येतो. मी नाय आता पाण्यात पाय घालणार. तू काय पण बोल.”

माझं तोंड बंद करणारी बाई अजून जन्मली नाही असं मी समजत होते. गोधडी परत तिच्या पायांवर ओढली आणि म्हटलं, “काठावर बस. चल तरी.”

“काठावर बसू? आणि मला गोटा देशील भाजून खायला?”

“देईन. मोठा बघून देईन.”

तेव्हा ती हसली. हसली तेव्हा कळलं, येईल.

निघालो त्या पहाटे पुष्पलतानं पाण्याचा कॅन भरून दिला आणि पिशवीत दोन कैऱ्या टाकल्या. मासा भाजताना कैरी लागते हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ऐकत असली पाहिजे. गोदा आदल्या दिवशीच आली होती. नवशीनं पायांना फडकी गुंडाळून वर सोम्याचे जुने कॅनव्हासचे बूट चढवले होते, नाड्या बांधून.

“साहेब आले, बाजूला व्हा,” मी म्हटलं.

“साहेबाची पिशवी उचल,” ती म्हणाली, आणि खरंच माझ्या हातात दिली.

खिंडीपर्यंत आम्ही चार ठिकाणी बसलो असू. गोदा करवंदं तोडायचं निमित्त करायची, मी काटा मोडल्याचं. नवशीला कळत होतं. तिनं कळू दिलं नाही. उतारावर ती दोन्ही हातांनी झाडं धरत, एकेक पाऊल चाचपत उतरली. आणि मग उंबराच्या फांद्यांखाली डोह दिसला, तसाच, हिरवा, तळ दिसणारा. गोदा ओरडली. म्हातारपणात आवाज फाटला होता, पण ओरडली. नवशी लांबच्या खडकावर जाऊन बसली, पाण्याकडं अर्धी पाठ करून.

मी आणि गोदा लुगडी खोचून उतरलो. मी झेला धरला, गोदा वरून दगड हलवत आली. तिचं येणं म्हणजे लग्नाला आल्यासारखं. मासे तिच्या पायांमधून मागं पळाले. मग ती झेल्याला बसली आणि मी वरून आले, तर गुडघ्यानं दगा दिला आणि मी डोहातच बसले. खडकावरून हसण्याचा आवाज आला. नवशी पाठ फिरवून बसली होती ती आता पुरती वळली होती.

“गोदे, डावीकडं! डावीकडं गं! जव्हारला डावा हात विसरलीस? गोजे, ऊठ, पाणी काय डोईनं ढवळतेस? त्या चपट्या दगडाखाली फट हाय, तिथं वाम असंल. झेला खालून. खालून!”

वाम होती. हातभर नव्हती, पण होती. मी ती उचलून दाखवली तेव्हा नवशी खडकावर उभी राहिली, बुटांसकट.

एवढी तीन बायांची धडपड, पण मासळी ओंजळभरच. मुरे, थोडे झिंगे, दोन चिंबोऱ्या आणि ती वाम. गोदानं काटक्या पेटवल्या. मी पळसाची पानं धुऊन मांडली. तीन.

“तिसरं कुणाचं?” नवशीनं विचारलं.

“तुझं.”

“माझे पाय कोरडे हाईत.”

“वाम तू दाखवलीस.”

“दाखवण्याचा वाटा नसतो. तूच म्हणायचीस. गोदाच्या नवऱ्यानं काय कमी दाखवलं होतं?” ती उठून लांब सरकली. “मला दया नको, गोजे. भाकर आणलीय मी. मिठासंगती खाईन.”

गोदा माझ्याकडं बघायला लागली. तिला वाटलं, गोजा आता नियम सोडेल. मी काय म्हणून सोडीन?

कॅनमधलं उरलेलं पाणी ओतून टाकलं आणि तो डोहात बुडवून भरला. उन्हात राहिलेलं वरवरचं पाणी, कोमट. नवशीसमोर जाऊन खाली बसले. लग्नात सासूच्या पायांना हात लावला होता, त्यानंतर मी कुणाच्या लावला नव्हता. बुटांच्या नाड्या ओढल्या. तिनं पाय मागं घेतला.

“काय करतेस! सोड!”

“गप बस.”

फडकी सोडली. तिचा पाय मांडीवर घेतला आणि त्यावर धार सोडली, हळू. ती ताठली. दात आवळले. मी हातानं पाणी टाचेवर, बेचक्यांत फिरवत राहिले. चिरा बोटांना लागत होत्या, नांगरलेल्या ढेकळासारख्या. ती ‘आता चुणचुणेल’ म्हणून वाट बघत होती, ते मला तिच्या पोटरीत कळत होतं. चुणचुणलं नाही.

“गोडं हाय,” ती म्हणाली.

दुसरा पाय तिनं स्वतःहून पुढं केला.

पदरानं पाय टिपले आणि मी उठले. गुडघे कडाडले. “झाले ओले. नदीच्याच पाण्यानं झाले. आता वाटा उचल, नाहीतर खरंच गोटा देईन.”

ती पानांजवळ सरकली. आपल्या पानाकडं बघितलं, माझ्या पानाकडं बघितलं.

“आणि वाम तुझ्या पानावर कशी गं? दाखवली कुणी?”

मी वाम उचलून तिच्या पानावर टाकली आणि वर दोन शिव्या घातल्या, नाहीतर त्या दोघींना माझा आवाज कळला असता.

वर चढताना वेळ लागला. खिंडीत पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. नवशी नेहमीच्या जागी थांबली, मागं बघितलं, आणि बोलली मात्र काहीच नाही. दिवाळी झाली की ट्रक येणार होता, हे आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. गोदानं खाली बघितलं. शेवटी मीच म्हटलं, “पुढल्या साली वाम याहून मोठी असंल.”

ती वाकून बुटाची नाडी बांधत राहिली. बांधून झाल्यावर झाड धरून उभी राहिली.

“झेला धुरात ठेव,” ती म्हणाली. “उंदराला देऊ नको.”