दोन खाड्यांच्या तिसऱ्या

पत्र आलं त्या दिवशी वसुधाने ते चार वेळा वाचलं. विद्याधरने, तिच्या नवऱ्याने, कोपऱ्यावरून पेढे आणले आणि शेजारीपाजारी वाटून टाकले. वसुधा अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिचा पहिलावहिला निबंध एका संशोधनाच्या नियतकालिकाने छापायला घेतला होता. वर्सोव्याच्या खाडीतली तिसरी, ती खायची शिंपली, वर्षातून एकदा नव्हे, दोनदा अंडी सोडते, फाल्गुनात आणि पुन्हा आश्विनात, असं तिने १९७३ सालच्या बारा महिन्यांच्या नमुन्यांवरून मांडलं होतं. विभागप्रमुखांना ते कधीच पटलं नव्हतं. पत्र बघून त्यांनीही वाद सोडला.

आठवड्याभराने ती मुलांना दाखवायला जुने शिंपले पुठ्ठ्यावर चिकटवत होती. इतर अकरा महिन्यांतले शिंपले करडे, पातळ. आश्विनातले मात्र जाड, कडेला तांबूस. तिने ते खिडकीपाशी नेले, पुसून पाहिले. तांबूसच. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं.

"रंग बदलतो ना कधी कधी?" विद्याधर म्हणाला.

"एका महिन्यापुरता?"

"अगं, छापून येऊ दे. कोण शिंपले मोजायला बसलंय?"

दुसऱ्या दिवशी वर्गात तिने फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं. तिसऱ्या दिवशी मात्र तिला राहवेना. तास आटोपून तिने वर्सोव्याची बस धरली.

दर महिन्याला तिसऱ्या आणून द्यायची ती सरूबाई. मासळीची पाटी घेऊन दारावर यायची, तेव्हाच तिसऱ्यांचं फडकं वसुधाच्या हातात ठेवायची. आता ती घरापुढे बांबूवर बोंबील टांगत होती.

"सरूबाई, दसऱ्याच्या सुमाराला तुम्ही आणलेल्या तिसऱ्या इथल्याच ना?"

"का गं बाय? खराब निघाल्या?"

"नाही, चांगल्या होत्या. पण इथल्या होत्या का?"

सरूबाईचे हात थांबले. "मना ताप व्हता तवा. आठ दिस जागची उठले नाय. तुझा खाडा पडंल म्हनून चंपाला निरोप धाडला. माझी बहीन, मनोरीला दिलीय. तिनं तिकडच्या खाडीत काढल्या. तिसरी ती तिसरीच ना?"

वसुधाला रागवायचं होतं, पण रागवावं कुणावर? वर्षभरात ती स्वतः एकदाही चिखलात उतरली नव्हती. परत येताना बसमध्ये जागा असून ती उभीच राहिली.

"मी म्हणत नव्हतो?" विभागप्रमुख म्हणाले. मग तिचा चेहरा बघून आवाज उतरवून म्हणाले, "परत मागवा. लवकर."

निबंध मागे घेत असल्याचं पत्र तिने त्याच दुपारी रजिस्टर केलं. विद्याधर दोन दिवस घुश्शात होता. "मरोळला सगळ्या ऑफिसात सांगून बसलोय मी!" तेही खोटं नव्हतं.

पुढच्या वर्षी दर महिन्याला ओहोटी गाठून ती स्वतः जायची. एक दिवस वर्सोवा, एक दिवस मनोरी. साडी वर खोचून सरूबाईच्या मागोमाग, मनोरीला चंपाच्या मागोमाग. तळपाय कापले, सुट्ट्या संपल्या. झोपेतही तिला ओहोटीच्या वेळा आठवत.

आश्विन आला. वर्सोव्याच्या तिसऱ्या तिने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. रिकाम्या. मनोरीच्या धरल्या. अंड्यांनी गच्च. तिचा स्वतःवर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन्हीकडे जाऊन ताजे नमुने आणले. तेच.

एकच जीव, मध्ये दहा-बारा किलोमीटर, आणि दोन वेगळी वेळापत्रकं!

"हे कधीपासून असं आहे?" तिने चंपाला विचारलं.

"आश्विनात आमची तिसरी भरलेलीच असते. आम्ही तवाच खातो. तिकडं नसते व्हय?"

नवा निबंध १९७६ साली छापून आला. सहाच पानं. शेवटी आभार होते. वसुधाने अंक वर्सोव्याला नेला आणि सरूबाईला तिचं नाव बोटाने दाखवलं.

"ह्ये माझं. नि आधीचं?"

"चंपाचं."

"तिचं आधी कशाला? तुझ्या दारी पाटी मी आनते."

"अक्षरांच्या क्रमाने लावलंय हो. च आधी, स नंतर."

सरूबाईला ते पटलं नाही, पण अंक तिने ठेवून घेतला.

असं का होतं, ते मात्र वसुधाला निबंधात लिहिता आलं नव्हतं. गोड्या पाण्याने? चिखलाने? गटारं खाडीत येतात म्हणून? विभागप्रमुख म्हणाले, "एवढं पुरे की आता." ती हो म्हणाली. पुढच्या ओहोटीला ती ठाण्याच्या खाडीत, मुलुंडच्या बाजूला, गुडघाभर चिखलात उभी होती, आणि तिथल्या बायका ही कोण म्हणून बघत होत्या.