अक्रोडाचा देव

सत्त्याण्णव साली वरकुट्यात सारजाच्या विहिरीला पाणी लागायच्या आधी देव लागला. काळ्या कातळाच्या दोन थरांत पिवळ्या मातीची पट्टी, अन् तिच्या कुशीत निजलेला लिंबाएवढा, सुरकुतलेला, मधोमध शिवण असलेला दगड. गावानं त्याला शेंदूर फासला. हिंदुरावानं लगोलग आपल्या उसाच्या बांधावर चौथरा बांधून देव तिकडं नेला.

सारजाचं मागणं एवढंच, पहिला नारळ आपण फोडावा. विहीर तिची, घामही तिचाच.

"तुझा मान कसा?" हिंदुराव म्हणाला. "तुमी मेंढरांमागं फिरत आलेली मान्सं. आमी मूळची. ही जमीन हाय तवापास्नं हितंच हाय."

"चार पिढ्या झाल्या की आमाला, तात्या."

"झाल्या असतील. मूळची न्हाय त्ये न्हाय."

देवाचं मूळपण शास्त्राच्या तोंडून वदवावं म्हणून त्यानं पुण्याहून भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक बाई बोलावल्या. चौथऱ्यापुढं मंडप घातला, लाउडस्पीकर लावला. बाईंना फेटा बांधला. बाईंनी भिंग काढलं, नखानं शेंदूर खरवडला अन् त्या लहान पोरीगत हरखल्या.

"अहो, हे फळ आहे! अक्रोडाच्या भाऊबंदातलं दिसतंय. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेलं."

"पर हितलंच न्हवं?" हिंदुरावानं माइक पुढं केला.

"छे! हे घराणं मोठं भटकं. मिळेल त्या वाटेनं एका खंडातून दुसऱ्या खंडात पसरलेलं. आणि इथलं म्हणाल, तर ही जमीन तरी तेव्हा कुठं इथं होती? आफ्रिकेकडून सुटून समुद्रातून वर सरकत होती ती!"

मंडपात कुणीतरी फिसकन हसलं. "म्हंजी तात्यांचा सातबारा आफ्रिकेचा व्हय?"

हिंदुरावानं घसा खाकरला. "देव असंल फिरस्ता. पुजारी मूळचाच पायजे. आना नारळ!"

सारजा उठली. तिच्या माणसांत मेंढरांचा वाडा दुसरीकडं हलला की देव मागं ठेवत नाहीत, टोपलीत घालून सोबत नेतात. टोपली नव्हती, तिनं पदर पसरला अन् लेकरू घ्यावं तसा देव ओटीत घेतला.

"आगं, देव घिऊन कुठं निगालीस?"

"मी कुठली निती, तात्या? त्योच निगालाय. आमच्यातलाच हाय, एका जागी करमत न्हाय त्याला."

ती विहिरीकडं चालू लागली. मागून म्हातारी धोंडाबाई, मग नारळवाल्या बाया, मग हलगीवाला, शेवटी फेटा सावरत बाई. चौथऱ्यावर मूळचा तेवढा हिंदुराव उरला.

विहिरीच्या काठावर सारजानं पहिला नारळ फोडला. जरा वेळानं हिंदुरावही आला. खोबरं घ्यायला रांगेत शेवटी उभा राहिला, अन् पुढच्याला म्हणाला, "सरक की जरा."