बोलत चाला

आमच्या ह्यांना बोलतं करायला हृदयविकाराचा झटका यावा लागला, असं मी म्हटलं की माझी बहीण मला दटावते. "काहीतरीच बोलतेस!" अगं, पण खरं तेच आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांची मजल 'हं', 'बघू' आणि 'मीठ दे' ह्यापुढे कधी गेली नाही. घरात बोलायचं खातं माझ्याकडे.

हे घड्याळं दुरुस्त करतात. आमच्या घराजवळ एक चढाचा रस्ता आहे, त्याच्या अगदी वरच्या टोकाला ह्यांचं एवढंसं दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर खाली मान. झटका सौम्य होता, वेळेवर दवाखाना गाठला, निभावलं. पण डॉक्टरांनी बजावलं, "तो चढ न थांबता, धाप न लागता चढता येईल, तेव्हाच दुकान उघडायचं." तेव्हापासून हे घरी. चेहरा असा, की बघवत नव्हतं. भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळसुद्धा एकदा उघडून बसले. दुकानाशिवाय हा माणूस खंगत जाईल, ह्या धास्तीने मला घास गोड लागेना.

डॉक्टरांनी व्यायाम आखून देणाऱ्या एका मुलीकडे पाठवलं. पोरगेलीशी, पण तोंडाने फटकळ. आमचं दोघींचं लगेच जमलं. तिने सांगितलं, जेवल्याजेवल्या चालायचं नाही. सुरुवात रमतगमत, मग जरा झपझप, शेवटी पुन्हा हळूहळू. एकदम थांबायचं नाही. वेळ थोडा थोडा वाढवत न्यायचा. छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर तिथल्या तिथे बसायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. "चढाचं नाव आत्ताच काढायचं नाही, काका. आणि काकू, तुम्ही सोबत जायचं."

आम्ही मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. रमतगमत चालणं ठीक जमायचं. पण वेग जरा वाढवला, की हे लालबुंद! डोळ्यांपुढे अंधारी, मग बाकावर बसकण. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं. हृदय ठीक. मग हा दम जातो कुठे? मी आधी घाबरले, मग चिडले. "अहो, मुद्दाम करता का हो?"

"हं," हे म्हणाले. आता ह्याचा काय अर्थ घ्यायचा, सांगा!

एका दुपारी हे माझ्या चष्म्याचा सुटलेला स्क्रू बसवत होते. मी समोरच बसले होते. बघते तर काय, ह्यांची छाती हलेचना! स्क्रू बसला आणि ह्यांनी भस्सकन श्वास सोडला.

"अहो, श्वास कशाला धरता?"

"उडतो ना स्क्रू."

घ्या! घड्याळातले स्क्रू म्हणजे धुळीचे कण, फुंकर लागली की गायब. म्हणून कामाला बसलं की श्वास धरायचा, ही ह्यांची जन्माची सवय. आणि हा भला माणूस चालणंसुद्धा काम समजून, अगदी मन लावून करत होता!

त्या मुलीला सांगितलं, तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "सोपं आहे. बोलत चाला. बोलणाऱ्याला श्वास धरता येत नाही. पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर. गाणं म्हणता आलं, तर फार हळू चालताय. वाक्य मध्येच तुटलं, तर वेग कमी करा."

"बोलू काय?" ह्यांनी इतक्या केविलवाण्या आवाजात विचारलं, की मलाच दया आली.

पहिल्या दिवशी ह्यांनी रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या. मोठ्याने. "चपला. औषधं. येथे चाव्या बनवून मिळतील." लोक वळून बघायचे, मी तोंडाला रुमाल लावायचे. पण चेहरा लाल झाला नाही की अंधारी आली नाही! पाट्या संपल्यावर गिऱ्हाइकांचे किस्से निघाले, मग शाळेत खाल्लेला मार. नळ सुटल्यासारखे बोलायला लागले हो. मध्येच मलाच सांगावं लागायचं, "थांबा, मलाही बोलू द्या."

अखेर त्या मुलीने आणि डॉक्टरांनी चढाला परवानगी दिली. आम्ही निघालो. ह्यांच्या खिशात दुकानाची किल्ली, माझ्या जिवात जीव नाही. हे मात्र संथ पावलं टाकत बोलत होते, एकही वाक्य तुटत नव्हतं.

"त्या दिवशी दवाखान्यात," हे म्हणाले, "मला आत नेलं ना, तेव्हा फार भीती वाटली. मग बाहेर तू नर्सशी भांडत होतीस ते ऐकू आलं. म्हटलं, ही आहे. मग काही वाटलं नाही."

मी रुमाल डोळ्यांना लावून दोन पावलं मागे राहिले.

हे वर पोचले. न थांबता, धाप न लागता! दुकानासमोर किल्ली काढली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा लाल, बोलणं बंद; ह्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. कुलूप राहिलं तसंच. मला धरून पायरीवर बसवलं, मनगट हातात घेतलं.

"दम लागला? छातीत दुखतंय?"

मी मानेनेच 'नाही' म्हटलं.

"बोल ना गं," हे म्हणाले. "काहीही बोल. भांड हवं तर!"

मग भांडलेच मी. इतकी गोड गोष्ट इतके दिवस पोटात ठेवता, काही वाटतं का तुम्हाला, असं भर रस्त्यात, डोळे पुसत पुसत. आणि हे माझं मनगट न सोडता, एकेक शब्द ऐकत बसून राहिले.