एकाहत्तर नामंजूर

"ह्या पान्यात कप धुतला की कपच मळतोय," एदेलमिरा वन्सं पुटपुटल्या, अगदी माझ्या कानाशी. आम्ही दोघी एकाच परातीवर वाकलो होतो. त्या पाण्यात आधी कोथिंबीर धुतली होती, मग माझे हात, आता कप. आणि उरलं ते वन्संच्या शेळ्यांना जाणार होतं.

"मंगळवारी टँकर येतोय की," मी म्हटलं.

"गेल्या मंगळवारी पन येनार व्हता."

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, निबाल्दोची, थोरली बहीण. गावच्या पाणी समितीच्या अध्यक्ष, म्हणून सगळं गाव त्यांना आक्का म्हणतं. तेरा वर्षं झाली, आमच्या खोऱ्यात पाऊस म्हणावा असा पाऊस नाही. नदीच्या पात्रात फुटबॉलचे खांब रोवलेत. सप्टेंबरात बदामाला फुलं येतात ती सवयीनं येतात, आणि दोन दिवसांत धूळ होऊन खाली पडतात. पण मान वर करून डोंगराकडं बघा. अ‍ॅव्होकाडोची बाग, हिरवीकंच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आमची नदी तिथं वर चढली आहे, नळीनळीनं.

निबाल्दो त्याच बागेत कामाला आहे, त्या नळ्यांच्या चाव्या फिरवतो. संध्याकाळी गावात चिखल असतो तो फक्त त्याच्या बुटांना. मी तो काडीनं खरवडून कुंडीत टाकते. कुंडीतलं जिरेनियम फुललंय. येणाऱ्याजाणाऱ्या बाया त्याच्याकडं बघत पुढं जातात.

तो रविवार मतदानाचा होता. आमच्या चिलीची नवी राज्यघटना लिहून झाली होती आणि ती मंजूर की नामंजूर, एवढंच सांगायचं होतं. पाणी सगळ्यांचं, आधी माणसाच्या पिण्याला आणि मग बाकीच्याला, असं त्यात लिहिलं होतं. वन्संनी त्या घटनेचं पुस्तक झाडाखाली बसून भिंगातून अख्खं वाचलं. शेवटचं पान मिटून म्हणाल्या, "हे झालं तर ऱ्हाते. न्हाई तर शेळ्या रोसामेलच्या हवाली करते आनि बंदरावर लेकीकडं जाते. चौथ्या मजल्यावर का हुईना, नळाला पानी येतंय."

त्या याच घरात जन्मल्या. एकोणिसाव्या वर्षी मी इथं नांदायला आले तेव्हा शेळीची धार काढताना रडत होते. माझा हात हातात धरून त्यांनी शिकवलं. चीज करायलाही त्यांनीच शिकवलं, आणि सासूला उलट बोलायलाही.

कप पुसून आम्ही मतदानाला शाळेकडं निघालो. वाटेत रोसामेल भेटला, आमचा शेजारी.

"वाचलंस का रं पुस्तक?" वन्संनी विचारलं.

"वाचलं की आक्का. निम्मं मी, निम्मं शेळीनं. शेळीला लई आवडलं."

"आनि तुला?"

"रेडिओवर सांगत व्हते, आपलं घर आपलं ऱ्हानार न्हाई. सरकारचं हुनार."

"कुठल्या पानावर हाय ते?"

"शेळीनं खाल्ल्यालं पान आसंल त्ये."

वन्संनाही हसू आलं. "मी मंजूरच मारनार, आक्का. तुमच्यासाठी," रोसामेल म्हणाला, आणि टोपी सारखी करत पुढं गेला.

शाळेच्या भिंतीपाशी बागेतली माणसं उभी होती. शुक्रवारी पगाराच्या वेळी मुकादम त्यांना एवढंच म्हणाला होता, "ज्याला जे वाटंल ते करा. मी कोन सांगनारा? झाडं पान्याबिगर उभी ऱ्हात न्हाईत, येवढं ध्यानात आसू द्या." निबाल्दोनं घरी येऊन हे मला शब्दाला शब्द सांगितलं. मग बूट काढून खरवडायला माझ्याकडं दिले.

पडद्याआड गेल्यावर मी पेन धरून नुसती उभी राहिले. कागदावर दोन आडव्या रेघा छापलेल्या. आपल्याला हवी तिच्यावर उभी रेघ मारायची. निबाल्दो एकोणसाठ वर्षांचा आहे. चावी फिरवायची सोडली तर त्याला कोण काम देणार?

"इस्मेनियाबाई, डुलकी लागली का?" बाहेरून मास्तर ओरडले. लोक हसले.

मी रेघ मारली. ती अगदी सरळ आली, याचंच मला वाईट वाटलं.

सहा वाजता मोजणी. आमच्याकडं ती दार उघडं ठेवून होते. कुणीही उभं राहून ऐकावं. मास्तर एकेक कागद उलगडून वर धरत आणि मोठ्यानं वाचत. "नामंजूर. नामंजूर. मंजूर. नामंजूर." वन्सं पुस्तकाच्या मागच्या पानावर रेघा ओढत होत्या. चाळीस नामंजूर झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. सगळे मास्तरांच्या हाताकडं बघत होते.

मंजूर एकवीस. नामंजूर एकाहत्तर.

घरी येऊन मी चहा टाकला. रेडिओवर सगळ्या देशाचा निकाल तसाच येत होता, नामंजूर. रोसामेल मागोमाग आला आणि दारातच उभा राहिला.

"लोकं येडी हाईत, आक्का."

"कुठली लोकं?"

"ती... शेरातली."

"शेरातल्यांनी आपल्या शाळंत येऊन मतं टाकली व्हय?" वन्सं म्हणाल्या. "ज्याला इचारावं त्यो मंजूरवाला. पन्नास जनांनी हात धरून सांगितलं मला. मग ही एकाहत्तर काय शेळ्यांनी टाकली?"

रोसामेलनं चहाला नको म्हटलं.

"उद्या सकाळी शेळ्या न्यायला ये," वन्सं त्याला म्हणाल्या. "लंगडीला येगळी बांध, ती दुसऱ्यांस्नी मारती." तो मान खाली घालून गेला.

निबाल्दो पावाचे तुकडे करत होता. घरात खाणारे तिघं, आणि तो सबंध पाव कापत सुटला होता. "आक्का, नको जाऊस," तो म्हणाला. "पुढच्या बारीला कायतरी हुईल."

"पुढच्या बारीला? तू मारशील मंजूर?"

सुरी थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं. वन्संनी त्याच्याकडं, मग माझ्याकडं. रेडिओवर कुणीतरी गाणं लावलं होतं. मी उठून तो बंद केला.

"त्यांच्याकडं नगा बघू, वन्सं," मी म्हटलं. "त्यांनी नामंजूर मारलं आनि मी बी मारलं. तुमचं पानी वर जातंय, हे समद्या गावाला ठाव हाय. त्याच पान्यावर आमची चूल पेटती. ते खाली आलं आसतं तर तुमी इथं ऱ्हायला आसता, आनि आमाला जावं लागलं आसतं."